छापण्यास हरकत नाही

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. शाळेचा दाखला असो की उंदराच्या औषधाचं वेष्टन, ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. पंचवीस वर्षं मुद्रितं तपासून तिला एक सवय जडली होती. अक्षर बघायचं, अर्थाच्या नादाला लागायचं नाही. अर्थात शिरलं की डोळा चुकीवरून घसरतो, असं ती नव्या माणसांना ठासून सांगे. तपासून झालं की खाली लाल शाईत लिहायचं, 'छापण्यास हरकत नाही', आणि सही ठोकायची.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताईची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीन दुपारी सरकारी रुग्णालयात डायलिसिस. खाजगीत जायची दोघींची ऐपत नव्हती. त्या तिन्ही दिवशी मालक तिला बाराला सोडत, पगार न कापता. त्या उपकाराखाली ती पार वाकून गेली होती.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी मालक 'जागरूक नागरिक मंचा'चं पत्रक घेऊन आले, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

"बाई, तळाला प्रकाशकाचं नाव लागतं, नियम आहे. तुमचं टाकू? चिटणीस म्हणून. नुसतं नाव हो."

"मंचात आहे कोण कोण?"

"आहेत, चांगली माणसं आहेत."

"आणि पैसे कोण देतं?"

"पाकीट येतं, त्यावर नाव नसतं. आपल्याला काय करायचंय?"

मंचाचा पत्ता म्हणून छापखान्याचा माळा दाखवला होता. तिथे कागदाची रिमं, एक मोडकी खुर्ची आणि झुरळं. मंचात जागरूक म्हणावं असं कुणी असेल तर ती झुरळंच. पहिली पत्रकं साधी होती, झाडं लावा, पदपथ मोकळे ठेवा. मग हजारांची लाख झाली, चौकाचौकात मोठाले फलक लागले. एके दिवशी आलेल्या मजकुरात 'रूग्णालय' हा शब्द अकरा वेळा दीर्घ पडला होता. वेलांटीबाईचं पित्तच खवळलं. अकराही ठिकाणी तिने रु ऱ्हस्व केला आणि खाली नेहमीचं लिहून सही केली.

तीन महिन्यांनी डायलिसिस कक्षाच्या दारावर नोटीस लागली. नागरिकांच्या मागणीवरून रुग्णालय बंद करून जागा विकण्यात येत आहे. हरकती पंधरा दिवसांत नोंदवाव्यात. तिने नोटीस दोनदा वाचली, आधी अक्षरं आणि मग अर्थ. आत ताई यंत्राला लावलेली होती.

तिने मालकांना गाठलं. "पैसे कुणाचे, तेवढं सांगा. मी हरकतीत तसं लिहून देते."

"बाई, मलाच ठाऊक नाही. एका संस्थेकडून येतात, तिला दुसरीकडून येतात. त्याच्या मागे कोण, देव जाणे."

मालक खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं.

तरी ती हरकतीचा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेली. कारकुनाने नाव वाचलं, फाईल काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, मागणी तुमचीच आहे की! मंचाच्या चिटणीस तुम्हीच ना?"

मागणीला सहीची प्रत हवी होती, म्हणून कुणीतरी तिने तपासलेलं मुद्रितच जोडून दिलं होतं. अकरा लाल खुणा आणि खाली तिचं वळणदार अक्षर.

"मी फक्त शुद्धलेखन बघितलं हो."

"पण इथं स्वच्छ लिहिलंय, हरकत नाही. मग आता हरकत कशी घेता?" कारकून तसा भला होता. आवाज उतरवून म्हणाला, "खरा माणूस दुसरा असेल तर नाव सांगा. मी नोंद करतो."

तिला सांगायला एकही नाव नव्हतं.

उत्तर आठवड्याभरात आलं. अर्जदार याच मूळ मागणीकर्त्या असल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे. कक्ष महिनाअखेरीस बंद.

"काय गं, काय म्हणतायत?" सुजलेले पाय उशीवर ठेवून ताईने विचारलं.

तिने पत्र पुन्हा अक्षर न् अक्षर तपासलं. रुग्णालय ऱ्हस्व होतं. वेलांट्या जागच्या जागी होत्या.

"एकही चूक नाही गं ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.