पोतं खांदा बदलतं तेव्हा

अण्णांना मी एकदा म्हणाले होते, "तुम्हाला नाही कळायचं ते." माझे वडील साताऱ्याकडून आलेले, उभं आयुष्य वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून ओझी वाहिलेली. फिजिक्सच्या पीएचडीत मी नेमकं करते काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. चार बुकं जास्त शिकलं की माणूस असा माजतो. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी माझ्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. मला ते आतून खात होतं, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

परवा गावाहून ज्वारीचं पोतं आलं. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत ट्रॉली आहे, पण ती घेतील तर ते अण्णा कसले. पोतं खांद्यावर टाकून लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग मी. नववा मजला आला, लिफ्ट थांबायला लागली, तसं त्यांनी ते अलगद उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतलं.

"आत्ताच का बदललंत?" मी विचारलं.

"वर जाताना थांबायला लागली की हलकं लागतं. कोल्ड स्टोरेजच्या लिफ्टमदी आमी समदे असंच करायचो. निघताना बदललं तर कंबर मोडती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओझं लिफ्टचा वेग बदलल्यानं जड लागतंय की पृथ्वीच्या ओढीनं, हे बंद लिफ्टमधल्या माणसाला आतून सांगता येत नाही. गुरुत्वाकर्षणाचा आजचा अख्खा सिद्धांत यावर उभा आहे. लिफ्टमधून उतरल्यावर मी तिथंच, जिन्याजवळ, त्यांना हे सांगत सुटले. एकच अणू एकाच वेळी दोन जागी असल्यासारखा वागतो, तेव्हाही हे तत्त्व टिकतं का, हे तपासणं माझं काम, असंही सांगितलं.

अण्णांनी दाराशी पोतं उतरवलं.

"एकच वस्तू, दोन जागी?"

"हो."

"मग तिचं ओझं कुठल्या जागी?"

या प्रश्नापर्यंत पोचायला मला पाच वर्षं लागली होती.

"तेच अजून कुणाला माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"हुडिक मग," ते म्हणाले, आणि चप्पल काढून आत गेले.

संध्याकाळी गावाकडच्या काकांचा फोन आला. अण्णा बाहेरच्या खोलीत मोठ्यानं सांगत होते, "पोरगी व्हय? तिचं काम आपल्यावानीच हाय. ओझ्याचं."

आत ज्वारी पाखडता पाखडता मला रडू फुटलं.