न आलेल्यांची यादी

मोघेकाका माणसांना नावाने हाक मारीत नसत, मतदारयादीतल्या क्रमांकाने मारीत. सकाळी दुधाची पिशवी हलवीत ते तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरांमधून परतत, तेव्हा समोर येणाऱ्याला म्हणत, "राम राम, तीनशे बारा! गुडघा काय म्हणतो?" एखाद्या घरी नवी सून आली की आठवड्याभरात दारात उभे. "सूनबाई, यादीत आलात की नाही अजून? मग आमच्या लेखी तुम्ही पाहुण्याच." आणि पिशवीतून कोरा अर्ज काढून देत. कुणी गेलं तर नाव वगळण्याचा अर्जही तेच भरीत, पण तेरावा झाल्याशिवाय नाही. "सरकारला काय घाई आहे? तेरा दिवस राहू दे की बिचाऱ्याला यादीत."

मी पाचशे त्रेचाळीस होतो. माझे वडील आणि काका सचिवालयात एकाच विभागात होते. वडील गेले, काका निवृत्त झाले, त्यांचं क्वार्टर सरकारी नोकरीतल्या त्यांच्या मुलीच्या, वैशालीच्या नावावर आलं आणि आमचं तशाच नोकरीतल्या माझ्या पत्नीच्या. मी एका खाजगी महाविद्यालयात गणित शिकवतो. काकांना याचं मोठं कौतुक होतं. "आमचा पाचशे त्रेचाळीस कॉलेजात हिशेब शिकवतो," असं ते सांगत. गणित म्हणजे हिशेब नव्हे, हे त्यांना समजावण्याचा नाद मी कधीच सोडून दिला होता.

निवृत्तीनंतर काकांनी एकच काम हाती घेतलं. प्रत्येक निवडणुकीत आमच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसायचं. शाळेच्या वर्गात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, मांडीवर यादी, यादीवर लाकडी फूटपट्टी, हातात लाल पेन्सिल. मतदार आत आला, अधिकाऱ्याने नाव पुकारलं की काका पट्टी सरकवून त्या नावापुढे बारीक खूण करीत. मागच्या विधानसभेपर्यंत त्यांनी ती खुर्ची कधी सोडली नव्हती. दुपारचं जेवण नाही, चहा एकच. वैशाली चिडायची, "बाबा, दुसऱ्या एजंटला बसवा की तासभर!" त्यावर काका म्हणायचे, "अगं, माणूस खुणेसाठी एवढा चालून येतो आणि खूण करणारा जेवायला गेलेला. बरं दिसतं का?"

त्या विधानसभेला आमच्या पक्षाने उभ्या केलेल्या उमेदवार म्हणजे सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. सगळे त्यांना दीदी म्हणत. क्वार्टरांमधल्या निम्म्या मुलांना त्यांनी शिकवलं होतं. आम्ही सर्वांनी महिनाभर मनापासून काम केलं. मीही केलं. घरोघर नाव-क्रमांकाच्या पर्च्या वाटल्या, कोपरासभांतून बोललो आणि एका सभेत तर एका मताचं मोल या विषयावर इतका वेळ बोललो की टाळ्या पडल्या. काका पुढच्याच रांगेत होते.

आणि मतदानाच्या दिवशी मी मत दिलं नाही.

याला काही मोठं कारण असतं, तर हे लिहिणं सोपं झालं असतं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, अयोध्या नगरात, घर बांधत होतो. फरशीवाला मिस्त्री तीन आठवडे हुलकावण्या देत होता आणि नेमका त्या दिवशी उगवला. त्याच्या बोटावर ताजी शाई होती. सकाळी सातला रांगेत उभा राहून तो कामावर आला होता. मी त्याच्यासमोर दिवसभर बसून स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट सरळ बसतो आहे की नाही, ते पाहत राहिलो. पाचच्या सुमारास काम संपलं. मतदान सहापर्यंत होतं; तेव्हा निघालो असतो तरी पोचलो असतो. पण मिस्त्री म्हणाला, "सर, चाय हो जाए एक," आणि मी बसलो. एका मताने निकाल फिरण्याची संभाव्यता किती नगण्य असते, ते मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवलेलं आहे. त्या चहाबरोबर मी ते गणित पुन्हा एकदा मनात मांडलं आणि ते बरोबर आलं.

मतमोजणीच्या दिवशी आम्ही सगळे केंद्राबाहेर, अडथळ्यांच्या पलीकडे टाकलेल्या मांडवात सकाळपासून बसलो होतो. डिसेंबरची थंडी होती. फेरीमागून फेरी जाहीर होत होती. कधी दीदी पुढे, कधी समोरचे. दुपारी तीनच्या सुमारास शेवटची फेरी संपली आणि आतून निरोप आला: दीदी अकरा मतांनी मागे. त्यांनी पुनर्मोजणीसाठी लेखी अर्ज दिला होता. तो मान्य झाला, एवढं कळलं. मग वाट पाहण्यापलीकडे हाती काही उरलं नाही.

वाट पाहणारी माणसं फार वेळ गप्प राहू शकत नाहीत. प्रथम नवस बोलून झाले. मग यंत्रांवर शंका घेऊन झाली. आणि मग, व्हायचं तेच झालं, अकरा जणांचा शोध सुरू झाला. आमच्या प्रभागाचं काम पाहणारा मनीष हा तिशीतला, तडफदार, जीव तोडून राबलेला मुलगा. महिनाभर तो नीट झोपला नव्हता. तो खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "अकरा व्होट! अकरा! आपलेच लोकं घरात बसून राहिले. मी तर बोललोच होतो, आपली लोकं सुट्टी समजून झोपतात."

"अशांची नावं चौकात लावली पाहिजेत," कुणीतरी म्हणालं.

ते कुणीतरी मी होतो. माझा आवाज मला ओळखीचा वाटला नाही, पण तो माझाच होता. भित्रा माणूस सर्वांत आधी दगड उचलतो, कारण उचललेल्या हातावर कुणाची नजर जाणार नाही अशी त्याची समजूत असते. माझा डावा हात मात्र जाकिटाच्या खिशात होता. मतदानाला पंधरवडा उलटून गेला होता, पण मांडवातल्या प्रत्येकाच्या नखावर शाईची काळी रेघ अजून होती. माझ्या नव्हती. सकाळपासून मी चहा एका हाताने पीत होतो आणि टाळ्या वाजवण्याची वेळ येईल म्हणून घाबरत होतो.

मनीषला माझी सूचना पसंत पडली. तो काकांकडे वळला. "काका, तुमच्याकडे तर खुणावाली यादी आहे ना? काढा. वाचून दाखवतो एक-एकाचं नाव."

काका कोपऱ्यात बसून कागदाच्या पुडीतले भुईमूग सोलत होते. "यादी घरी आहे," ते म्हणाले.

यादी त्यांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत होती. फूटपट्टीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. हा माणूस खोटं बोललेला मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"मग घेऊन येऊ. स्कूटरवर किती वेळ लागतो?"

"नाही द्यायची मला."

"का नाही द्यायची?"

"बेटा, कोण आलं ते टिपायला मी बसतो. कोण नाही आलं ते सांगत फिरायला नाही."

मनीषचा तोल गेला. दमलेल्या, हरायला आलेल्या माणसाचा जातो, तसाच गेला. मी आज त्याला दोष देत नाही. "म्हणजे तुमच्या बूथवर गडबड आहे, असंच ना? खुणाच केल्या नसतील. या वयात झोप लागते माणसाला. बोलायचं होतं ना आधी, आम्ही दुसरं कुणी बसवलं असतं!"

मांडवात दोघे-तिघे हसले. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "लागली असेल झोप," ते म्हणाले. "दोनशे आठ, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. लागायचीच."

दोनशे आठ हा त्यांचा स्वतःचा क्रमांक होता.

मी बोलायला हवं होतं. एवढ्याने माझं काय गेलं असतं? थोडी अब्रू, ती तशीही खोटीच होती. मी बोललो नाही. काका उठले, माझ्याशेजारी येऊन बसले आणि भुईमुगाची पुडी माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो. शेंग फोडायला दोन हात लागतात. काकांनी माझ्या खिशाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक शेंग स्वतः फोडून त्यांनी दाणे माझ्या उजव्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. कुणालाही वाटावं, म्हातारा माणूस लाड करतो आहे. पुनर्मोजणीचा निकाल येईपर्यंत ते शेंगा फोडत राहिले आणि मी खात राहिलो. एकेक दाणा गिळताना मला कळत होतं, की यांना ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक आहे.

उन्हं उतरताना निकाल आला. आधी बाद ठरलेली दोन टपाली मतं ग्राह्य धरली गेली होती. अकराचे नऊ झाले. दीदी बाहेर आल्या, सर्वांना नमस्कार करून म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी फार केलंत." मी मान खाली घातली. काकांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल अविनाश, थंडी वाढली."

अविनाश. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच. त्यानंतर रोज सकाळी दूध आणताना ते इतरांना क्रमांकाने हाका मारीत आणि मला नावाने. आवाजात राग नव्हता, उलट माया होती. पण मला आपण यादीतून वगळले गेल्यासारखं वाटे.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. "काका, त्या दिवशी मी..." एवढं बोललो आणि अडखळलो.

"मला कशाला सांगतोस? मी का निवडून येणार होतो?" काका म्हणाले. "पोहे खा. पुढच्या वेळी ये म्हणजे झालं."

पुढची वेळ उन्हाळ्यात आली, लोकसभेची. मनीषने आमच्या बूथसाठी दुसऱ्या एका तरुणाचं नाव दिलं. 'काकांना आता झेपत नाही' असं सांगण्यात आलं. मी मनीषला खरं सांगायला निघालो होतो, त्याच्या फाटकापर्यंत गेलोही होतो. तिथून परतलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी, कारण या वेळी चहाचंही निमित्त नव्हतं.

मतदानाला मी सकाळी सातला गेलो. काका शंभर मीटरच्या रेषेबाहेर, घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कडुनिंबाखाली बसले होते. हातात यादी नव्हती, पेन्सिल नव्हती. बाहेर येऊन मी वेड्यासारखं माझं शाईचं बोट त्यांच्यासमोर धरलं.

"दाखवू नकोस रे. आत जाताना पाहिलं मी." मग किंचित हसून म्हणाले, "चल, पाचशे एकेचाळीस, चहा घेऊ."

नवी यादी निघाली होती. माझा क्रमांक दोनने सरकला होता. ज्या माणसाची खुर्ची माझ्यामुळे गेली, त्याने ती यादीही पाठ केली होती. मला माफ केल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मला तो नीट घेता आला नाही.

दिवाळीपूर्वी काका गेले. तेरावा झाल्यावर क्वार्टरांमधल्या मंडळींनी छोटी शोकसभा ठेवली. मनीषही आला होता आणि खरोखर गहिवरून बोलला. त्याच्यानंतर मी उभा राहिलो. माझ्याकडून चार शब्दांची अपेक्षा होती. मी म्हणालो, "काकांना त्या दिवशी बूथवर झोप लागली नव्हती. त्यांनी यादी दिली नाही, कारण त्यात न आलेल्यांमध्ये मी होतो. चौकात नावं लावा असं म्हणणाराही मीच." मनीषने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

माणसं पांगल्यावर वैशालीने मला आत बोलावलं. कपाटातून तिने ती यादी काढली, तिच्यात अजून फूटपट्टी होती. "बाबा म्हणाले होते, ही कुणाला दाखवू नको. पण आज तुमचं तुम्हीच बोललात, तर तुम्हाला द्यायला हरकत नाही, अविनाशदादा."

मी ती घरी येऊन उघडली. आलेल्यांच्या नावांपुढे लाल खुणा होत्या, एकीवर एक न घसरलेल्या. न आलेल्यांची नावंही मोकळी नव्हती. प्रत्येकापुढे काकांनी बारीक अक्षरात कारण लिहिलं होतं. 'आजारी.' 'मुलीकडे, उज्जैन.' 'बाळंतीण.' 'ड्यूटी.' 'पाय मोडला.' 'रुसला आहे.' नऊ मतांनी हरलेल्या निवडणुकीत त्यांनी एकेकाची बाजू मांडून ठेवली होती.

मी पाचशे त्रेचाळीसवर आलो. तिथे कारण नव्हतं. एकच शब्द होता, आणि त्याखाली दोन रेघा होत्या, दुसरी पहिलीपेक्षा अधिक दाबून ओढलेली, बहुधा सहा वाजत आले असताना.

'येईल.'