बोटभर तोंड

डिंभ्याच्या आमच्या शाळेत टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनचं तोंड एका बोटापुरतंच उघडायचं. भाकरी तो दुधात कुस्करून खायचा, आणि हाक मारता येत नसे म्हणून दारोदार सायकलची घंटी वाजवायचा. गावानं ठरवून टाकलं होतं, हे गुटख्यानं झालं. मीसुद्धा एकदा त्याला सातवीच्या वर्गापुढं उभं केलं आणि म्हणालो, "बघा रे, गुटखा खाल्ला की असं होतं." त्यानं निमूट तोंड उघडून दाखवलं.

पुढं पुण्याला त्याचं ऑपरेशन झालं. परतला तो दातांत आइस्क्रीमच्या काड्यांची चवड धरून. तोंड पुन्हा आखडू नये म्हणून हळूहळू एकेक काडी वाढवायची होती. काड्या काढून त्यानं मला सांगितलं, की जबड्याचं हाडच पोरवयापासून वाढत गेलं होतं, ते डॉक्टरांनी कापलं. सुपारीसुद्धा त्यानं कधी खाल्ली नव्हती.

मी खजील झालो. "मग त्या दिवशी काही बोलला का नाहीत?"

"पोरं लई घाबरली व्हती, गुरुजी. चौघांनी तर खिशातल्या पुड्या खिडकीतनं भाईर टाकल्या." काड्या पुन्हा दातांत घालता घालता तो थांबला. "आता तोंड उघडतंय, हे त्यांना सांगू नका."