कुठलं उत्तर आवडलं?

रविवार, भुकूम. खूप दिवसांनी लिहितेय, रागावू नका... आमची टीम लवकरच बंद होणार हे कळल्यापासून काही लिहावंसंच वाटत नव्हतं.

चिप बनवण्याआधी ती कॉम्प्युटरवर तपासून बघतात, ते सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. माझ्या शेहेचाळीस वर्षांना साजेशी या कामाची सीनियर पोस्ट सहसा निघत नाही. एक निघाली, आणि परवा तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता.

ऐन वेळी लाइट गेली. इन्व्हर्टर खाली घरमालक अण्णांकडे, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसले. अण्णा समोरच पावटा सोलत होते, उठायचं नाव नाही...

इंटरव्ह्यू घेणारा माझ्याहून बराच लहान, साताऱ्याकडचा, मधेच मराठीत बोलणारा. त्याने विचारलं, भल्यामोठ्या चिपमध्ये एक छोटा बदल केला, तर सगळी तपासणी पुन्हा न करता तेवढ्यापुरतीच कशी कराल?

आमच्या टीमने इतकी वर्षं हेच तर केलंय! उत्तर अगदी ओठांवर होतं... पण ते कंपनीचं. बाहेर सांगणार नाही म्हणून सही केलेली.

"मला हे येतं," मी म्हटलं, "पण आत्ताच्या कंपनीतलं आहे, सांगता येणार नाही."

तो म्हणाला, "ओके मॅम. ते बाजूला ठेवा आणि कोऱ्या पाटीवर विचार करा." मग मी अडखळत, स्क्रीनवर चौकोन काढत, खोडत, एक वेगळा मार्ग मांडला.

कॉल संपायची वाटच बघत होते अण्णा. "येत व्हतं, तरी सांगितलं न्हाई?"

"ते कंपनीचं आहे, अण्णा."

"ज्यांनी तुमाला घरी बसवायचं ठरवलं, त्यांचंच राखताय व्हय? लई भारी हाय तुमचं, मॅडम!" आणि आत काकूंना हाक, "अगं ए, हितं ये, ऐक ह्यांचं..."

मलाही हसू आलं. पण जिना चढताना ते कोऱ्या पाटीवरचं उत्तर मनात पुन्हा मांडून पाहिलं आणि मधेच थांबले. शेवटचा टप्पा आमच्याच उत्तरासारखा होता. नावं वेगळी, वळण तेच.

म्हणजे मी सांगितलं, की नाही सांगितलं? कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं, तर त्या टप्प्यातलं थोडं त्यातही सापडलं. इतकी वर्षं एकच काम केल्यावर डोक्यातलं माझं किती आणि कंपनीचं किती, हे कसं निवडायचं... पावटा असता तर सोलून वेगळा केला असता.

काल त्यांचा मेल आला. तुमचं उत्तर टीमला फार आवडलं, पुढच्या राऊंडची वेळ कळवा. नवरा खूश. अण्णा म्हणाले, "पेढे कवा?" मी मात्र तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय.

कुठलं उत्तर आवडलं? नाही म्हटलं ते, की त्यानंतरचं? पहिलं आवडलं असेल, तर दुसऱ्याबद्दल त्यांना सांगायलाच हवं. दुसरं आवडलं असेल... तरी सांगायला हवं बहुतेक. मग नोकरी मिळेल का, काही कळत नाही. पण न सांगता मिळाली, तर तिथे पहिल्या दिवशी कुठल्या तोंडाने बसू?

उद्या: वेळ कळवण्याआधी इंटरव्ह्यू घेणाऱ्या त्या मुलाला फोन करणे.