पानाचं बारसं

माझी भाची सई गोधड्या शिवून वेबसाइटवर विकते. तिच्या एका पानाकडे गिऱ्हाईक फिरकतच नव्हतं, म्हणून काल ती हिरमुसली होती. मी बघितलं, तर त्या पानाच्या फाइलचं नाव ‘नवीन-फायनल-२’!

“अगं, हे कुणाला सापडणार?”

“मला सापडतं की, आत्या!”

खरंच, घरच्यांना नावाची गरजच नसते. बाळाला सोन्या म्हटलं, ठमी म्हटलं, तरी भागतं. नाव लागतं ते शोधत येणाऱ्या परक्या माणसाला. आणि तो तर गोधडीच शोधणार.

“मग तूच ठेव. बारशात मान आत्याचाच,” सई म्हणाली.

मी लॅपटॉपच्या कडेशी ओठ नेऊन हळूच म्हटलं, “कुर्रर्र... बाळासाठी-मऊ-गोधडी.”

सईनं नाव टाइप केलं आणि रीतीप्रमाणे माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.