अर्पिताचं अर्धं रुखवत

माझ्या भाचीला, अर्पिताला, अमडापुरात सगळे आरंभशूर म्हणतात. म्हणणारे कोण, तर पारावर वर्षानुवर्षं तोच पत्त्यांचा डाव मांडून बसलेले. त्यांना कोणी काही म्हणत नाही. ते स्थिर आणि आमची पोरगी तेवढी अर्धवट! मी तिची आत्या, बेबीताई. मला मेहकरला दिलं, तरी माहेरच्या भानगडींत माझं नाक असतंच, आणि अर्पिताच्या बाबतीत तर मी ते मुद्दाम खुपसते.

तिचे वडील, म्हणजे माझे भगवानरावदादा, भाजीची शेती करतात. त्या घरात अर्पिताच्या वेडांचीही पिकं निघायची. शाळेत असताना ढोलकी धरली, तेव्हा घरातलं जेवणसुद्धा ठेक्यावर व्हायचं. एक दिवस ढोलकी खुंटीला गेली ती गेलीच. मग क्रोशा आला. मग मधमाश्या. दादाच्या काकडीत तिनं पेट्या ठेवल्या, त्या वर्षी वेलांना कधी नव्हे एवढा माल लागला, आणि तो तोडायच्या आत बाईसाहेबांचं मन मोबाईलवर बघून मोडी लिपी शिकण्यात गुंतलेलं. टमाट्यांच्या क्रेटांवर दादाचं नाव हिनं मोडीत लिहिलं. बाजारात व्यापाऱ्यानं विचारलं, "हा माल कोन्या देशाचा हाय, बाप्पा?" माल कुणाचा हे दादाला स्वतः जाऊन सांगावं लागलं.

नव्याचे नऊ दिवस, असं लोक म्हणायचे. पण ते नऊ दिवस कसे असायचे ते मी पाहिलंय. जेवणाची शुद्ध नाही, हाक मारली तर ऐकू येत नाही, डोळ्यांत नुसता उजेड. आणि दहाव्या दिवशी तीच वस्तू हातात घेऊन ती खिन्न बसलेली असायची. सोडणं तिला सोपं जात होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला तेव्हा पाहायला हवं होतं.

कॉलेजात परीक्षा राहायला लागल्या तेव्हा मीच तिला अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बरंच काही विचारलं, तपासलं आणि सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, मेंदूची घडणच तशी असते, गोळीनं मदत होईल. बाहेर आल्यावर बसस्टँडवर पोरगी हमसून हमसून रडली. मी समजूत काढायला गेले तर म्हणाली, "दुःख नाही वं आत्या. इतके दिवस मले वाटे, मी आळशी हाय, हरामखोर हाय." मला तेव्हा सगळ्या गावाचा राग आला होता. अजून गेलेला नाही.

तिचं पहिलं स्थळ या गोळीवरूनच मोडलं. पोरगी डोक्याची गोळी खाते, असं कुणीतरी पाहुण्यांच्या कानात सांगितलं आणि पाहुणे परत आलेच नाहीत. तेव्हापासून तिच्या आईनं, विमलवहिनीनं, धसकाच घेतला. उंद्रीच्या जीवनचं स्थळ आलं, तेव्हा अर्पितानं त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. त्याला ती आवडली, तिला तो. पण त्याच्या आईला, अन्नपूर्णाबाईंना, कुणी काही सांगायचं नाही, अशी वहिनीनं घरभर ताकीद दिली. "लगन लागू द्या, मंग पाहू," म्हणे. जीवनचंही तोंड तिनं हातापाया पडून बंद केलं होतं.

आता आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात. नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात टेबलावर ठेवायच्या आणि नवऱ्याकडच्या बायांनी येऊन त्या निरखायच्या. अर्पिताच्या हातचं पुरं झालेलं असं काहीच नव्हतं. वहिनीनं मग गावभर फिरून रुखवत मागून आणलं. यात नवल नाही, आमच्या भागात रुखवत या लग्नातून त्या लग्नात फिरतंच. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. वहिनीनं फक्त ते आधी कुठून कुठे फिरलंय याची चौकशी केली नाही.

लग्नाच्या दिवशी अन्नपूर्णाबाई टेबलापाशी आल्या आणि आगपेटीच्या काड्यांच्या बैलगाडीपुढे थबकल्या. गाडी उचलून त्यांनी चाक फिरवलं. चाकाला हिरवी बांगडी चिकटवलेली होती.

"हे बांगडी म्या लावली," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीच्या लग्नात चाक तुटलं होतं तवा. विहीनबाई, तुमच्या पोरीच्या हातचं काई हाय का नाही इथं?"

आसपासच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली अर्पिता खोलीतून बाहेर आली. सगळं आत ऐकू गेलं होतं. ती पुन्हा आत वळली आणि कोठीतली पत्र्याची पेटी फरफटत घेऊन आली. वहिनी तिच्या आडवी आली, तिचा हात धरून रडकुंडीला येऊन म्हणाली, "नको वं माय, हे लगन बी मोडन."

"मोडलं तं मोडू दे, आई," अर्पिता म्हणाली. जीवन तिला किती हवा होता ते मला ठाऊक होतं.

तिनं मागून आणलेल्या वस्तू बाजूला सारल्या आणि पेटीतलं एकेक काढून टेबलावर ठेवलं. क्रोशाचं तोरण निम्म्यावर संपलेलं. एका बाहीचा स्वेटर. आमच्या घराचं चित्र, त्याला छप्परच नाही. मी तर म्हणते, अमडापुरानं असं खरं रुखवत कधी पाहिलं नव्हतं.

"हे माह्यं हाय, मावशी," ती म्हणाली. "सारं अर्धं हाय. मले एडीएचडी हाय, मन एका ठिकानी टिकत नाही. गोळी चालू हाय. जीवनले पहिलेच सांगतलं. तुमच्यापासून लपवून ठेवलं, ते मले पटलं नव्हतं."

अन्नपूर्णाबाईंनी तोरण हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "मंग लगन बी असंच अर्ध्यावर सोडशीन काय?"

प्रश्न खोटा नव्हता. आमच्या घरातही तो सगळ्यांच्या मनात होता, फक्त कुणी विचारला नव्हता.

"वस्तू सोडल्या म्या," अर्पिता म्हणाली. "मानूस आजपर्यंत एक बी नाही सोडलं. आत्या इथं उभी हाय, विचारा तिले. पन हे तोरण पुरं करीन, असं कबूल करनार नाही. खोटं कबूल करून तुमच्या घरात यायचं नाही मले."

मला विचारायची वाट मी पाहिली नाही. "खरं हाय," मी ओरडूनच म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंनी तोरण खाली ठेवलं. त्या जीवनकडे वळल्या. तो म्हणाला, "मले ठाव होतं, आई. मले हेच पोरगी पाह्यजे."

"मन कोनाचं ठिकानावर असते, बाप्पा," शेवटी त्या म्हणाल्या. "पन मले येडी समजून माहीच गाडी माह्यापुढं मांडली, हे म्या इसरनार नाही. ते उचला पहिले." गाडी उचलली गेली. त्यांचा राग गेलेला नव्हता, पण गुरुजींना त्यांनीच हाक मारली.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं लांबत गेली आणि अर्पिताचं अंग हलायला लागलं, या पायावरून त्या पायावर. मागे तिचा मामा कडूबा उभा होता. चारचौघांत बरं दिसावं म्हणून त्यानं तिचे दोन्ही खांदे गच्च दाबून धरले. पोरगी कशीबशी श्वास घेत होती.

"कडूबा, हात काढ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हालू दे तिले."

गुरुजी थांबले. कडूबानं माझ्याकडे पाहिलं, मग अन्नपूर्णाबाईंकडे, आणि हात काढले. अर्पिता 'सावधान' होईस्तोवर हलत राहिली आणि हलता हलताच तिनं जीवनच्या गळ्यात हार घातला.