गायकवाड सरांसाठी पाट्या

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. रानातून फिरून आलं की पायजम्याला कुसळं निघतात ना, तसे ते घरी आल्यावर सापडतात. आमच्या रविवारच्या पिक्चर मंडळाचं तसंच झालंय.

मंडळ म्हणजे काय हो, चार माणसं अन् एक कॉम्प्युटर! गेवराईत माझा कॉम्प्युटर क्लास, म्हणून मशीन अन् प्रोजेक्टर माझा. ज्योतीताई शाळेत इंग्रजी शिकवतात, म्हणून भाषांतर त्यांचं. शकील लग्नपत्रिका छापतो, म्हणून टायपिंग त्याचं. अन् हे खूळ ज्यांनी काढलं ते गायकवाड सर, उमापूरचे रिटायर हेडमास्तर. विहाराच्या मागचा हॉल त्यांनीच मिळवून दिला. रविवारी दुपारी तीनला खिडक्यांना काळे पडदे लावायचे, परदेशी पिक्चर दाखवायचा, अन् खाली आमच्या मराठी पाट्या. पाट्या म्हणजे सबटायटल. पिक्चर संपला की सर अर्धा तास बोलायचे. खरं सांगू? लोक त्यासाठीच यायचे.

पाट्यांची फाइल वेगळी असते, साधी टाइप केलेली. पिक्चरचं अन् तिचं नाव एकच ठेवलं की प्लेयर तिला आपोआप उचलतो. मी पडलो आळशी. दर आठवड्याला दोन्हींना एकच नाव द्यायचो, ‘रविवार’.

एकदा युद्धाचा पिक्चर लावला. खंदक, चिखल, तोफा. कॅप्टन मेलेल्या शिपायाकडे बोट दाखवून ओरडतोय अन् खाली पाटी आली, ‘आई, मला ही मुलगी पसंत नाही.’

घोटाळा माझाच! मागच्या रविवारचा लग्नाचा पिक्चर होता, त्याची फाइल तशीच राहिली होती. पण हॉलमध्ये कुणी हूं की चूं करेना. कारण पहिल्या रांगेत सर मान डोलवत होते. इंटरव्हलला ते उठले अन् म्हणाले, ‘मित्रांनो, युद्धात माणसाचा संसार कसा राहून जातो, हे दिग्दर्शकानं पाट्यांमधून काय सुंदर दाखवलंय!’

टाळ्या! शकील माझ्या कानाशी लागला, ‘दत्ता, आता खरी फाइल लावू नको बे. लोकांना काहीच कळणार न्हाई.’

* * *

असे हे सर. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला अन् महिन्याभरात दोन्ही कान गेले. कानाला मशीन लावून पाहिलं, उपयोग शून्य. सरांनी गेवराईला येणं सोडलं, मग घराबाहेर पडणंच सोडलं.

आम्ही तिघं उमापूरला गेलतो. सर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी मोठ्यानं ‘जयभीम सर!’ म्हणालो. त्यांनी मान वळवली नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, खांद्याला हात लावला तेव्हा वळले. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

‘कावून आलात, कशासाठी?’ सर खूप मोठ्यानं बोलत होते. स्वतःचा आवाजच कळत नव्हता त्यांना. ‘चार माणसांत बसलो की माझ्याशी कुणी बोलत न्हाई. हिला विचारतात, सरांना चहा चालतो का? मी समोर बसलेला असतो!’

ज्योतीताईंनी कागदावर लिहून दिलं, ‘आता मराठी पिक्चर लावू. त्यालाही मराठी पाट्या करू. फक्त तुमच्यासाठी.’

सरांनी वाचलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘तीन रविवार येतो. तीन पिक्चर. न्हाई जमलं तर पुन्हा ह्या दारात यायचं न्हाई.’

काकू आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. एसटी निघता निघता खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘दत्ता, आता ते घरातबी बोलत न्हाईत रे. तिनातला एक तरी जमवा.’

* * *

पहिल्या पिक्चरचे नऊशे संवाद ज्योतीताईंनी ऐकून ऐकून वहीत उतरवले. शकीलनं ऐन लग्नसराईत, पत्रिका बाजूला ठेवून, टाइप केले. त्याच्या दुकानात आम्ही तपासलं. एक नंबर!

रविवारी सर आले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी काकू. हॉल गच्च. मी पिक्चर सुरू केला, पहिला संवाद झाला अन् खाली पाटी आली: इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, डॉलर, पुन्हा कंस!

झालं होतं असं. शकीलनं सवयीनं पत्रिकेच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथंच ते मराठी दिसतं. माझ्या मशीनवर नव्हता. तिकडं जे ‘आई, मी निघालो’ होतं, ते इकडं सगळा कचरा.

सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा लावला. पुन्हा पडद्याकडे पाहिलं अन् अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं काकूंना विचारलं, ‘अगं, माझे डोळे बी गेले का?’

मी पिक्चर बंद केला. दुसरं काय करणार होतो?

बाहेर ज्योतीताई शकीलवर कडाडल्या, ‘नवरीचं नाव असंच छापतोस का रे तू?’ एरवी शकील कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. त्या दिवशी मात्र तडक दुकानात गेला, शटर अर्धं ओढलं अन् दुसऱ्या पिक्चरची पहिली ओळ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशी, टाइप करायला बसला.

* * *

दुसऱ्या वेळी गुन्हेगार मी. शनिवारी माझ्याच मशीनवर ट्रायल घेतली, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह! पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. फाइल सेव्ह करताना मी भलताच फॉरमॅट निवडला होता अन् मराठी सगळी पुसली गेली होती.

शकील म्हणाला, ‘दत्ता, एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये कुणाला एक बी उत्तर माहीत न्हाई का बे?’

मला हसू आलं नाही. नशीब, त्याच्याकडे मूळ फाइल होती.

रविवारी पाट्या आल्या. सुंदर, ठसठशीत, वेळेवर! सर वाचत होते. मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. वीस मिनिटांनी सरांचा आवाज आला, ‘ही बाई उठली कावून?’

पडद्यावर नायिका जेवता जेवता दचकून उठली होती. थोड्या वेळानं सर पुन्हा म्हणाले, ‘हा रडतोय कावून? कुणी तर काही बोललं न्हाई!’

दारावर थाप पडली होती, म्हणून ती उठली. शेजारच्या घरातून आक्रोश ऐकू आला, म्हणून तो रडला. आम्ही बोलणं तेवढं लिहिलं होतं. दार, फोन, पावलं, शेजारचं रडणं, यातलं काहीच नाही. आम्हाला कान होते ना, आमच्या डोक्यातच आलं नाही!

सर मध्येच उठले. दारात मला म्हणाले, ‘पाट्या चांगल्या आहेत रे. पिक्चर मला कळला न्हाई.’ रागावले असते तर परवडलं असतं.

* * *

राहिला एक रविवार. ज्योतीताई पेटल्याच. तिसऱ्या पिक्चरला त्यांनी डोळे मिटून कान लावले अन् दिसेल, सॉरी, ऐकू येईल ते सगळं लिहिलं. ‘दार वाजतं.’ ‘बाहेर मोटारसायकल थांबते.’ ‘लांब कुत्रं भुंकतं.’

शकील वैतागला, ‘मॅडम, कुत्र्याचं काय काम हाय पिक्चरमध्ये?’

‘तुला ऐकू आलं ना?’

‘आलं की.’

‘मग त्यांना का नको? टाइप कर!’

त्यानं टाइप केलं. तीन मशीनवर ट्रायल झाली, माझ्या, त्याच्या अन् ज्योतीताईंच्या. मी ‘रविवार’ नाव सोडून दिलं अन् पिक्चरचं पूर्ण नाव दिलं. आता चुकायला काही उरलं नव्हतं.

* * *

तिसऱ्या रविवारी सर आले, पण शर्ट साधाच. काकूंनी माझ्याकडे पाहिलं फक्त. मी मान हलवली.

पडदा जरा खाली बांधला गेला होता. खालची पट्टी पहिल्या रांगेलाच दिसत होती अन् पहिल्या रांगेत सर अन् काकू. मागच्यांना पुढच्यांची डोकी. त्यांना पाट्यांची गरजही नव्हती, पिक्चर मराठीच होता, दोन भावांच्या भांडणाचा.

इंटरव्हलपर्यंत सगळं सुरळीत. सरांनी एकदाही ‘कावून’ विचारलं नाही. अन् मग लाईट गेली.

दहा मिनिटांनी आली. अंधारात, घाईत, शकीलनं त्याच नावाची दुसरी कॉपी लावली. तिच्या सुरुवातीला दहा सेकंदांची कसली तरी जाहिरात चिकटलेली होती. म्हणजे बोलणं दहा सेकंद मागे सरकलं अन् पाट्या आपल्या जुन्याच वेळेला! थोरला भाऊ अजून पाणी पितोय अन् खाली पाटी हजर, ‘वाटणी करून टाकू.’

पाट्या मागे ढकलायला कीबोर्डवर एक बटण असतं. एकदा दाबलं की केसभर सरकतात. दहा सेकंदांना किमान दोनशे वेळा दाबायचं! मी दाबायला लागलो. पाच, दहा, पंधरा. गेला, तिसराही गेला!

तेवढ्यात सरांचा आवाज घुमला, ‘बघा आता! धाकटा न्हाई म्हणणार!’

पडद्यावर धाकटा गप्पच होता. त्यानं वर पाहिलं, घसा खाकरला अन् म्हणाला, ‘नाही.’

हॉल हसला. ज्योतीताईंनी माझं मनगट धरलं, ‘हात काढ.’

‘ताई, पाट्या पुढं पळतायत!’

‘कळतंय मला. हात काढ म्हणते ना!’

मी हात काढला.

‘वहिनी आता चहाचं विचारून विषय बदलणार!’ सर म्हणाले. वहिनीनं चहाचं विचारलं. हॉल पुन्हा हसला. ‘दार वाजणार!’ दार वाजलं. सर खुर्चीत पुढं सरकले होते. ‘मामा आला वाटतं. हा आता पेटवणार भांडण!’ काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हसत होत्या का रडत होत्या, मला मागून कळेना.

मागच्या रांगेत माझे चुलते होते, पांडूतात्या. आमची मेंढरं तेच राखतात, रानात अर्ध्या कोसावर हाक मारायची सवय. पिक्चर अगदी रंगात आला होता. त्यांना राहवलं नाही.

‘ओ मास्तर! गप बसा की जरा! आमाला बी बघू द्या!’

सगळे तात्यांकडे बघायला लागले. सरांना तर काहीच कळलं नव्हतं, ते आपले पुढची पाटी वाचत होते.

काकूंनी पिशवीतून वही काढली. तात्यांचं बोलणं लिहिलं अन् पडद्याच्या उजेडात सरांसमोर धरलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं, एकदा, दोनदा. मग खुर्चीतच मागं वळले अन् अख्ख्या हॉलला म्हणाले,

‘मला कावून रागावता? त्या धाकट्याला म्हणा, जरा लवकर बोल!’